आखातातले ऊन आणि आपला मुलगा

आपल्या वस्त्यांतून दर वर्षी कुणी ना कुणी दुबईला निघतो. कुणी सेंटरिंगच्या कामाला, कुणी एसी मेकॅनिक म्हणून, कुणी साफसफाईच्या कंपनीत, कुणी मोटारसायकलवर डिलिव्हरी करायला. एजंटच्या पैशासाठी आईच्या कानातले गहाण पडते, बचत गटाचे कर्ज निघते. निघायच्या आदल्या दिवशी घरी बुद्धवंदना होते, बॅगेत चटणी-लोणचे भरले जाते. उन्हाचा विषय मात्र निघत नाही. आम्ही काढला तर मुलगाच हसून म्हणतो, "आम्ही चंद्रपूरचे. आम्हाला ऊन काय सांगता?"

हे वाक्य आम्हाला धोक्याचे वाटते, म्हणून या महिन्याचे आरोग्य पान त्यावरच.

चंद्रपूर-नागपूरचे ऊन साधे नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पण ते कोरडे ऊन आहे. म्हणूनच तिथे कूलर चालतो, माठातले पाणी गार होते, ओला दुपट्टा डोक्यावर घेतला की जीव थंडावतो. पाणी वाळताना उष्णता ओढून नेते, एवढेच त्यामागचे कारण. आपले शरीरही माठासारखेच आहे. घाम पाझरतो, वाळतो आणि अंग गार राहते. आता पावसाळ्यातला माठ आठवा. बाहेरून ओला असतो, पण आतले पाणी गार होत नाही. हवाच ओली असल्यामुळे वाळायला जागा नसते.

दुबई वाळवंटात आहे म्हणून तिथली हवा कोरडीच असेल, असा आपला समज असतो. पण शहर समुद्राच्या काठावर आहे. ते आखात उथळ आहे, त्याची सरासरी खोली पन्नास मीटरसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये त्याचे पाणी ३२ अंशांच्या वर तापते. त्याची वाफ शहरावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा ४० ते ४२ च्या आसपास, काही दिवस ४५ च्याही वर, आणि रात्री तो ३० च्या खाली उतरायला तयार नसतो. म्हणजे नागपूरचा पारा आणि मुंबईची चिकचिक एकाच वेळी. घाम धारांनी गळतो, पण वाळत नाही. अंगातले पाणी जाते आणि गारवाही मिळत नाही.

म्हणून नुसता पारा पाहून उपयोग नाही. शेजारच्या कतारमध्ये उष्णता, ओलावा, ऊन आणि वारा यांचा मिळून एक आकडा काढतात, आणि तो ३२.१ च्या वर गेला की उघड्यावरचे काम थांबवायचे असा २०२१ पासून नियम आहे. हा ३२.१ आपल्या साध्या थर्मामीटरचा नव्हे. रात्रपाळी म्हणजे सुटका, असेही समजू नये. रात्री ऊन नसते, पण ओलावा दुपारपेक्षा वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. माणसाचे शरीर उष्णता सोसायला शिकते. घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, काम करताना हृदयाची धडधड कमी होते. पण हे शिकायला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हात काम करताना मेलेल्या मजुरांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतले बरेचसे मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले निघाले. अंगमेहनत तीच, ऊन तेच. जुना माणूस टिकला, नवा कोसळला. म्हणून तिथले जाणकार सांगतात की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा. आपला मुलगा नेमके उलटे करतो. नवी नोकरी, डोक्यावर कर्ज, मुकादमाला दाखवायचे असते की मी कामचुकार नाही. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांच्या पुढे धावतो.

शक्य असेल तर जायची तारीख ऑक्टोबर ते मार्चमधली घ्यावी. एजंट म्हणेल व्हिसा आत्ताच आहे, आणि व्याज थांबत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरीही विचारून पाहावे. जूनमध्येच जावे लागले तर पहिले पंधरा दिवस आपले शरीर कच्चे आहे हे त्याने धरून चालावे. दोन महिन्यांच्या सुट्टीवर येऊन परत जाणाऱ्या जुन्या माणसालाही हेच लागू आहे. कमावलेली सवय महिनाभरात बहुतेक निघून जाते.

कायदा काय म्हणतो तेही घरच्यांना ठाऊक असावे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबी-शारजात, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला मनाई आहे. मालकाने सावली आणि पाणी द्यायचे असते. नियम मोडला तर प्रत्येक मजुरामागे ५,००० दिरहम दंड होतो, जास्तीत जास्त ५०,००० पर्यंत. डांबर टाकणे, पाण्या-विजेची बिघाड-दुरुस्ती अशा थांबवता न येणाऱ्या कामांना सूट आहे, पण तिथेही पाण्याची आणि गारव्याची सोय करावीच लागते. कतारमध्ये ही बंदी १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी आहे.

ही सवलत मागताना आपल्या पोरांना लाज वाटते, असे आम्ही पाहिले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ साली ते मंजूर झाले. कामाच्या तासांना हद्द घालणे ही मालकाची मेहेरबानी नाही, हे आपल्या घरात तरी वेगळे शिकवायला लागू नये.

पाण्याचे म्हणाल तर तहान लागायची वाट पाहू नये. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. एकदम दोन लिटर ढोसू नये; तासाला दीड लिटरच्या वर तर नाहीच. नुसते पाणीच पीत राहिले की रक्तातले मीठ पातळ होते आणि डोके गरगरते, म्हणून जेवण टाळायचे नाही. फार घाम गेला तर ओआरएस घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. तिथल्या दुकानात 'लबन' नावाचे ताकासारखे पेय मिळते. त्यात चिमूटभर मीठ घातले की आपले ताकच. एनर्जी ड्रिंकचे डबे नकोत. दारूने लघवी वाढते आणि अंगातले पाणी कमी होते. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्याला हे निराळे सांगायला नको, पण खोलीवरच्या दोस्तीत ते पहिल्यांदा मोडते. आणि खिशातल्या कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही. कांदा जेवणात खावा, खिसा रिकामा ठेवावा.

लघवीचा रंग हा सगळ्यांना परवडणारा थर्मामीटर आहे. लिंबू सरबतासारखी फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडते आहे. काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रोज पाणी कमी आणि मेहनत जास्त, असे महिनोन्महिने चालले तर किडनीला इजा होते. नेपाळमधून आखातात गेलेले धडधाकट तरुण किडनी निकामी होऊन परतल्याचे तिथल्या डॉक्टरांनी पाहिले आहे. त्यात अंगदुखीच्या गोळ्यांची भर पडते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात किडनीवर आणखी भार टाकतात. घरून गोळ्यांची पाकिटे भरून देऊ नका. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉल यांवर तर तिथे कडक निर्बंध आहेत. विनापरवाना सापडली तर तुरुंगाची पाळी येते. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांनी ऊन लवकर बाधते.

दुबईत मजुरांच्या मोठ्या वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईकराला हे नाव ऐकून स्मशानच आठवणार! अशा वस्त्यांत एका खोलीत अनेक जण झोपतात. झोप पुरी होणे हेही उन्हाचे औषध आहे. दिवसभर तापलेले शरीर रात्रीच निवते. आंघोळीची एक युक्ती तिथले जुने लोक सांगतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले गार पाणी नळाला कढत येते. म्हणून गिझर बंद ठेवायचा. खोलीतल्या गिझरमध्ये साठलेले पाणी टाकीपेक्षा गार असते, तेव्हा गरम पाण्याचा नळ सोडून आंघोळ करायची.

ऊन लागल्याची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे अशी होते. तेव्हाच काम थांबवून सावलीत बसावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, ओळख विसरला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात आहे. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' असे काही जण म्हणतात, ते चूक आहे. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. अशा वेळी अमिरातीत ९९८ वर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. तिथेच अंग गार करायला लागावे: बर्फाच्या पाण्याचे पिंप असेल तर गळ्यापर्यंत त्यात बसवून धरून ठेवावे, नाहीतर बादल्यांनी पाणी ओतत वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

आणि घरच्यांसाठी फोन आहे. "बरा आहेस ना?" असे विचारले की उत्तर "बरा आहे" असेच येते. कर्ज फिटेपर्यंत तो दुसरे काही सांगणार नाही. पहिले पंधरा दिवस रोज दोन मिनिटे वेगळे विचारा. आज दुपारी साडेबाराला कुठे होतास? आज लघवीला किती वेळा गेलास, रंग कसा होता? काल किती तास झोपलास? शेजारच्या कॉटवर कोण असतो, त्याचा नंबर दे. तो नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. ओआरएसच्या पुड्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. वीसेक पुड्या, लांब बाह्यांचे दोन सैल फिक्या रंगाचे सुती सदरे आणि मानेवर ओला ठेवायला एक पंचा, एवढ्याला लोणच्याच्या बरणीशेजारी जागा करा.