अपग्रेडनंतर मॅक्रो अडला?

आधी फाइलचा प्रकार पाहा. एक्सेल २००७ पासून साध्या ‘एक्सएलएसएक्स’ फाइलमध्ये मॅक्रो साठवलाच जात नाही. त्यासाठी ‘एक्सएलएसएम’ लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो विंडोजवर २०२२ पासून मुळातच रोखले जाऊ लागले. पाठवणारा खात्रीचा असेल, तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा.

‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’सारख्या साध्या फंक्शनवर कोड थांबला, तर त्या ओळीशी झगडत बसू नका. व्हीबीए एडिटरच्या टूल्स मेनूत ‘रेफरन्सेस’ उघडा. ‘मिसिंग’ असा शेरा असलेली लायब्ररीच बहुधा खरी दोषी असते. ६४ बिट ऑफिसमध्ये ‘डिक्लेअर’च्या ओळींना ‘पीटीआरसेफ’ जोडावे लागते.

सर्वांत घातक बिघाड मात्र एरर न देणारा. जुन्या शीटची शेवटची ओळ ६५,५३६ वी होती, नव्या शीटची १०,४८,५७६ वी. कित्येक जुने मॅक्रो अजूनही ए६५५३६ या सेलपासून वर जात शेवटची नोंद शोधतात. यादी सलग भरत त्यापलीकडे गेली, की हा शोध थेट पहिल्या ओळीवर पोहोचतो आणि नवी नोंद दुसऱ्या ओळीतली जुनी नोंद पुसून तिथे बसते. कोणाला पत्ताही लागत नाही! तिथे आकड्याऐवजी ‘रोज.काउंट’ लिहा, आणि दुरुस्ती फाइलच्या प्रतीवरच करून पाहा.