अळीने चावले एक पान, सावध झाले सारे रोप



कोबीचे पान अळी कुरतडते तेव्हा रोप मुकाट्याने सोसते आहे असे आपल्याला वाटते. पण आत धावपळ चाललेली असते. एका पानाची जखम दुसऱ्या पानाला कळते, आणि न चावलेली पानेही अळीला न मानवणारी द्रव्ये तयार करू लागतात. रोपाला ना मेंदू, ना मज्जातंतू. मग हा निरोप जातो कसा?

हे कोडे उलगडायला दोन युक्त्या उपयोगी पडल्या.

पहिली युक्ती जनुक बंद करून पाहण्याची. घरातला कोणता दिवा कोणत्या फ्यूजवर आहे हे शोधताना आपण एकेक फ्यूज काढून पाहतो, तसेच हे. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपात स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाच्या एडवर्ड फार्मर यांच्या गटाने असा शोध घेतला. काही ठरावीक जनुके बंद केली की जखमेचा विद्युत इशारा दूरच्या पानापर्यंत नीट पोचत नाही, हे त्यांनी २०१३ साली दाखवले.

दुसरी युक्ती निरोप डोळ्यांनी पाहण्याची. जेलीफिश या समुद्री जीवाच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून शास्त्रज्ञांनी एक प्रथिन घडवले. पेशीत कॅल्शियम वाढले की ते जास्त उजळते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मासात्सुगु तोयोता, सायमन गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन असलेल्या रोपावर अळी सोडली. पान चावले जाताच जखमेपाशी उजेड झाला आणि शिरांमधून सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने पुढे सरकला. एक-दोन मिनिटांत तो दूरच्या पानांत दिसला. जखमेतून बाहेर पडणारे ग्लुटामेट हा निरोप सुरू करते. वरची जनुके बंद असलेल्या रोपात मात्र उजेड दूरच्या पानांपर्यंत गेला नाही. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले.

आपण यातून काय घ्यावे? रोप स्वतःही झुंजते, म्हणून एक कुरतडलेले पान दिसताच पंप पाठीवर घेऊ नका. मात्र ही झुंज प्रत्येक वेळी पुरत नाही. अळ्या मोजा, फेरोमोन सापळे पाहा, आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली तरच शिफारस केलेले औषध फवारा. या शोधाचे नाव घेऊन ‘रोपाला जागे करणारी’ बाटली कोणी विकू लागला, तर कृषी विद्यापीठाची शिफारस आहे का, हे आधी विचारा. पैसे मग मोजा.