मोटार पाहावी बदलून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. त्यांच्या दारी मोटारी नव्हत्या. असत्या तर या म्हणीला तिसरा चरण खात्रीने जोडला गेला असता. पहिली मोटार घेणे त्या मानाने सोपे. तेथे खिसा निर्णय देतो आणि हौस त्याखाली सही करते. परंतु दहा-बारा वर्षे घरात नांदलेली, सात माणसांची मोठी गाडी काढून तिच्या जागी दुसरी आणायची म्हणजे प्रकरण निराळे. जुन्या गाडीने घराला सवयी लावलेल्या असतात. कोणी कुठे बसायचे, फराळाचा डबा कुणाच्या पायाशी ठेवायचा, कुणाला घाट लागतो आणि कुणाला खिडकी लागते, हे सारे केव्हाच ठरून गेलेले असते. नवी मोटार येते ती या सगळ्या व्यवस्थेला हात घालीतच येते.

आमच्या गाडीला यंदा चौदा वर्षे झाली आणि हा प्रश्न पुण्यातील आमच्या घरातही उभा राहिला. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून घेऊन, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी ५,००० रुपये शुल्क झाले. म्हणजे पंधरा वर्षे भरली की गाडी भंगारातच काढावी लागते असे आपल्याकडे नाही. दिल्लीच्या बातम्या वाचून इकडची मंडळी उगाच धास्तावतात, म्हणून हे आधी सांगून ठेवते. गाडी बदलायची ती धास्तीने नव्हे, हिशेबाने. त्या हिशेबाचीच ही हकीकत आहे.

मोठी म्हणजे किती मोठी?

मोठ्या गाडीचे वेड अमेरिकेतून आले असे आपण म्हणतो. तेथे शेव्हरोलेची सबर्बन ही गाडी १९३५ पासून त्याच नावाने चालत आली आहे. तिच्या २०२१ च्या अवताराची लांबी ५,७३३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १९ फूट! तिकडे ‘पूर्ण मापाची’ म्हणतात ती ही. आपल्याकडे जिला पाहून शेजारी भुवया उंचावतात, ती गाडी या सबर्बनच्या शेजारी धाकट्या बहिणीसारखी दिसेल.

आपली परंपरा मात्र वेगळी आहे. सुमो आली १९९४ मध्ये, आणि तिचे नाव जपानी मल्लांवरून नव्हे तर टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातील पहिल्या अक्षरांवरून पडले. १९९८ मध्ये सफारी आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये इनोव्हा. या गाड्या चैनीसाठी जन्मल्या नाहीत. लग्नाचे वऱ्हाड, कुलदैवताची वारी आणि आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, ही त्यांची खरी कामे होती. आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे अनेक माणसांची गाडी. हा अर्थ विसरला की खरेदी फसलीच म्हणून समजावे.

फूटपट्टीचा न्याय

आमच्यापुढे चार गाड्या होत्या: टाटांची सफारी (२०२३ चे रूप), महिंद्रांची स्कॉर्पिओ-एन (२०२२), टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि टोयोटाचीच फॉर्च्युनर. हायक्रॉसला पुष्कळ लोक एसयूव्ही मानीत नाहीत, पण सात माणसांच्या घराला तिच्याकडे काणाडोळा करून चालत नाही. पहिल्या दोघी आपल्याच अंगणातल्या. सफारी पिंपरीला घडते, स्कॉर्पिओ-एन चाकणला. दुसऱ्या दोघी बंगळूरजवळच्या बिडदीच्या.

चिरंजीवांनी अश्वशक्तीचा तक्ता केला. फॉर्च्युनरचे २,७५५ सीसीचे डिझेल एंजिन २०४ अश्वशक्तीचे, स्कॉर्पिओ-एनचे १७५ आणि सफारीचे १७०. विजेची जोड असलेली पेट्रोल हायक्रॉस १८६. तक्ता सुबक होता. पण कुंभार्ली घाटात एस.टी.च्या मागे ताशी तीस किलोमीटरने चढताना २०४ घोडे आणि १७० घोडे सारखेच जांभया देतात, हे त्याला सांगावे लागले.

मी दुसराच तक्ता केला. टेप घेऊन खाली गेले आणि आमची जागा मोजली. नव्या इमारतींत एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा मिळते. आमची तेवढीच आहे, शिवाय एका बाजूला खांब. आता गाड्यांची मापे पाहा. सफारी ४,६६८ मिलिमीटर लांब व १,९२२ रुंद. स्कॉर्पिओ-एन ४,६६२ लांब व १,९१७ रुंद. हायक्रॉस ४,७५५ लांब, पण रुंदीला १,८५०. फॉर्च्युनर ४,७९५ लांब आणि १,८५५ रुंद. लांबीला चौघीही बसतात. प्रश्न रुंदीचा आहे. सफारी बरोबर मध्ये उभी केली तर दोन्ही बाजूंना जेमतेम २९ सेंटिमीटर उरतात, हायक्रॉसला बत्तीस-तेहतीस. तीन-चार सेंटिमीटरने काय होते, असे कुणी विचारील. दार अर्धवट उघडून, पोट आत घेऊन, पिशवीसह तिरके बाहेर पडणाऱ्या गृहिणीला विचारावे, ती सांगेल.

शिडी आणि शिंपला

या गाड्यांत खरा भेद आहे तो हाडांचा. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभ्या आहेत. खाली मालमोटारीसारखी चौकट आणि तिच्यावर बसविलेला डबा. सफारी आणि हायक्रॉस यांचे अंग शिंपल्यासारखे एकसंध आहे. वेगळी चौकट नाही, कवच हेच हाड. चौकटीची गाडी खड्ड्यांना, दगडांना, चढणीवरच्या चिखलाला दाद देत नाही, आणि या जातीत चारी चाकांना जोर देण्याची सोयही मिळते. पण चौकटीची जाडी जमीन आणि आसन यांच्यामध्ये येते. त्यामुळे पायरी उंच होते आणि वळणावर अंग अधिक डुलते. एकसंध गाडी रस्त्याला धरून चालते, धक्के मऊ देते; मात्र नदीच्या पात्रातून काढण्याचा हट्ट तिच्यापाशी धरू नये.

‘आपल्याला गावाकडच्या रस्त्याला चौकटच हवी,’ असे ह्यांचे ठाम मत. गाव गुहागर तालुक्यातले. मी वर्षाची वही काढली. वर्षभरात गाडी सुमारे ९,००० किलोमीटर चालली होती. त्यांतले खरोखरीचे कच्चे किती? घराकडे वळणाऱ्या वाटेचे, दोन्हीकडे जांभ्याचा गडगा असलेले, पाऊण किलोमीटर. वर्षातून चार फेऱ्या धरल्या तरी जाऊन-येऊन सहा किलोमीटर झाले. आणि त्या वाटेवर अडचण येते ती खड्ड्यांची नव्हे, रुंदीची! यावर हे काही बोलले नाहीत. वही मात्र पुन्हा एकदा नीट पाहिली. ज्यांची शेती आडरानात आहे, ज्यांना पावसाळ्यात रोज ओढा ओलांडायचा आहे, त्यांची वही वेगळे सांगेल आणि त्यांनी चौकटच घ्यावी.

तिसरी रांग

सात माणसांच्या गाडीची परीक्षा पुढच्या आसनावर बसून करायची नसते. विक्रेता आपल्याला चालकाच्या जागी बसवितो, चामड्यावरून हात फिरवायला लावतो आणि छताची काच उघडून आकाश दाखवितो. आपण सरळ मागे जावे. तिसऱ्या रांगेत वीस मिनिटे बसावे, तेही गाडी चालत असताना. गुडघे हनुवटीला लागतात का, पाय पुढच्या आसनाखाली जातात का, वाऱ्याची झडप तिथवर पोहोचते का, हे पाहावे. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर येथे कामाला येते. सफारीत ते २,७४१ मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरमध्ये २,७४५, स्कॉर्पिओ-एनमध्ये २,७५०, हायक्रॉसमध्ये २,८५०. कागदावर हे दहा सेंटिमीटर क्षुल्लक दिसतात. पुणे ते चिपळूण ते एका माणसाचे गुडघे होतात. आणखी एक: सातही जण बसले की मागे सामानाला जागा फारच थोडी उरते. गणपतीला जाताना शिध्याच्या पिशव्या कुठे ठेवणार, हे दुकानातच ठेवून पाहिलेले बरे. आम्ही दोन रिकाम्या बॅगा बरोबर नेल्या होत्या. विक्रेता हसला, पण त्याने ठेवू दिल्या.

चिरंजीवांचा युक्तिवाद येथे पुढे आला. वहीत सात माणसे एकत्र बसल्याचे दिवस अवघे अकरा निघाले होते. ‘अकरा दिवसांसाठी एवढी गाडी? लहान घेऊ, आणि अकरा दिवस भाड्याची आणू.’ हा मुद्दा खोटा नाही. पुष्कळ घरांना हाच सल्ला योग्य आहे आणि त्यात लाखो रुपये वाचतील.

पण आमच्या वहीत आणखी एक नोंद होती. गेल्या दोन वर्षांत सासूबाई गाडीत बसल्याच्या वेळा निम्म्याने कमी झाल्या होत्या. ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते,’ असे त्या म्हणत आणि आम्ही ते वयाच्या खात्यावर मांडीत होतो. त्या शहात्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे दुखरे. आमची जुनी गाडी चौकटीची, पायरी उंच. चढताना एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला, आणि मागून नातवाने आधार द्यायचा. हे सगळे इमारतीच्या दारात, चार लोकांच्या देखत. चारपैकी सर्वांत बुटक्या पायरीच्या गाडीपाशी आम्ही त्यांना नेले, तेव्हा त्यांनी आधी पाय टाकून पाहिला, मग वळून बसल्या. कुणाचाही हात न धरता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, “सूनबाई, हिच्यात बसून मला दवाखान्याशिवाय कुठे न्याल का ग?”

घरातल्या माणसाची इच्छा संपली असे आपण समजतो. पुष्कळदा फक्त पायरी उंच झालेली असते.

तेलाचा हिशेब

आता पैशाचे. डिझेल की विजेची जोड असलेले पेट्रोल? डिझेल लिटरला ९० आणि पेट्रोल १०४ रुपये धरा. चौकटीची डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असे माना, आणि जोड-पेट्रोल १६. कंपन्यांचे आकडे यापेक्षा मोठे असतात, पण आपण शहरातली गर्दी जमेस धरू. ९,००० किलोमीटरला डिझेल ७५० लिटर, म्हणजे ६७,५०० रुपये. पेट्रोल सुमारे ५६२ लिटर, म्हणजे ५८,५०० रुपये. वर्षाला ९,००० रुपयांची बचत. जोड-इंजिनाच्या गाडीला दोन लाख अधिक मोजले, तर ते वसूल व्हायला बावीस वर्षे लागतील! तेव्हा केवळ तेल वाचविण्यासाठी कोणी ती घेऊ नये.

डिझेलला मात्र दुसरे पथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल मोटारींना काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी लांब पल्ल्याला, एंजिन चांगले तापले की जळून जाते. रोज कॉलेज, मंडई आणि परत, अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जळत नाही, गाळणी तुंबते. समृद्धी महामार्गावरून वरचेवर नागपूर गाठणाऱ्याला डिझेल शोभते, आमच्यासारख्यांना नाही. शिवाय महाराष्ट्रात खाजगी डिझेल मोटारीचा वाहन कर पेट्रोलच्या मोटारीपेक्षा दोन टक्के अधिक. मोठ्या डिझेल एसयूव्हीवरचा जीएसटी आणि अधिभार मिळून ५० टक्के होत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, एवढा दिलासा.

सुरक्षिततेचे तारे वाचतानाही दोन ओळी वाचाव्यात: एक मोठ्या माणसांची, एक मुलांची. स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. सफारीला डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हींसाठी पाच. आणि तारे कितीही असोत, मागच्या रांगेतल्याने पट्टा बांधला नाही तर ते तारे दिवसाच दिसतील.

प्रश्नांचा क्रम

एवढ्या खटाटोपातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते. गाडी बदलताना प्रश्न कोणते विचारावेत, हे सर्वांना ठाऊक असते. चुकतो तो त्यांचा क्रम. आपण एंजिनापासून आरंभ करतो आणि माणसांपर्यंत पोहोचेतो थकून जातो. क्रम उलटा असावा. आधी, चढायला सर्वांत कष्ट कुणाला होतात? मग, मागच्या रांगेत कोण बसणार आणि किती दिवस? मग, गाडी उभी कुठे राहणार? मग रस्ते कोणते, वर्षाचे किलोमीटर किती, तेल कोणते. अश्वशक्ती, रंग आणि छताची काच शेवटी. त्यांच्यावर मुलांना खुशाल वाद घालू द्यावा.

आमचा कौल कोणत्या गाडीला पडला, हे सुज्ञ वाचकांनी ओळखले असेलच. चिरंजीवांना ती पुरेशी रुबाबदार वाटत नाही आणि ह्यांना अजून चौकटीची आठवण येते. सासूबाईंनी मात्र नोंदणीची तारीख ठरायच्या आतच गुहागरच्या नणंदेला फोन करून टाकला: “या खेपेस मी येते आहे. माझ्या वाटणीच्या मोदकांचे सारण मीच करीन.”