इस्लापूरहून बिझनेस क्लास

इस्लापुरात विमानाचं तिकीट निघतं ते ऑनलाइन सेंटरमध्ये. तिथंच पीकविमा भरला जातो, सातबारा निघतो, आधारवरचा मोबाइल नंबर बदलतो. किनवट तालुक्यातलं, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं हे गाव. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येणारे सोडले तर बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नाही. पण इथल्याही काही घरांतली मुलं आता डल्लास, न्यू जर्सीला आहेत. एरवी तिकीट मुलगाच तिकडून काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. सेंटरवाल्याचं काम ते छापून देण्यापुरतं.

या वेळी मात्र एक निवृत्त गुरुजी स्वतः खुर्ची ओढून बसले. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, मुलगा डल्लासला. पोराच्या पैशानं लोळत जायचं नाही, पण लोळत तर जायचंय, अशी त्यांची अट होती. मी त्यांच्या शेजारी बसून सगळा शोध बघितला.

पहिला निर्णय विमानतळाचा. नंदीग्राम एक्स्प्रेस मुंबईला नेते म्हणून गावाच्या तोंडात मुंबईच येते. पण इथून भोकर, भैंसा, निर्मल करत महामार्ग ४४ धरला की हैदराबाद त्याहून कितीतरी जवळ. १९५६पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. विमानाच्या बाबतीत आजही तिकडंच तोंड करून बसणं शहाणपणाचं. ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानांपैकी एक २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड–हैदराबाद मार्गावरच उडालं होतं, हे गुरुजींनी आवर्जून सांगितलं. सामान दोन मोठ्या बॅगा असल्यानं जीप ठरली.

हैदराबादहून डल्लासला थेट जायचा विषय नाही, मध्ये उतरावंच लागतं. इथं सेंटरवाल्या पोरानं जे केलं ते मला फार आवडलं. त्यानं भाडं बघायच्या आधी तास बघितले. दोहा किंवा दुबईमार्गे गेलं तर पहिला टप्पा चारेक तासांचा आणि दुसरा सोळाच्या आसपास. फ्रँकफर्टमार्गे गेलं तर दोन्ही टप्पे दहा-अकरा तासांच्या घरातले. म्हणजे आखाती मार्गावर पाय पसरायची खरी गरज एकाच टप्प्यात. पहिल्या चार तासांना साधी खुर्ची आणि पुढच्या सोळांना बिझनेस असं मिश्र तिकीट मागून बघता येतं. ते दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही, कधी सबंध बिझनेसचं भाडं त्याच्याहून कमी निघतं. पण विचारल्याशिवाय कळत नाही.

मग तारखा. “गुरुजी, तारीख तेवढी सोडा, मग बघू काय व्हतंय ते.” गुरुजींना मे महिना हवा होता, कारण डल्लासची थंडी तोवर सरलेली असते. मेमध्ये निम्मा भारत अमेरिकेला निघतो, डिसेंबरात निम्मी अमेरिका भारतात येते. या दोन लाटा चुकवल्या की आकडे उतरतात. फेब्रुवारीत कापूस वेचून झालेला असतो, गावाला वेळ असतो आणि विमानात जागाही असते. अडचण एवढीच की तिकडे गारठा असतो. शेवटी स्वेटर बिझनेसच्या भाड्याहून स्वस्त, हे काकूंनीच ठरवलं.

एकाच खुर्चीचे भाव इतके का बदलतात, हे गुरुजींना पटेना. मोंढ्यात सोयाबीनचा भाव सकाळी एक नि दुपारी एक असतो तसंच हे, फक्त इथं पट्ट्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला इंग्रजी अक्षर. बिझनेसमध्ये बहुतेक ठिकाणी ‘जे’ सगळ्यात महाग, त्याखाली ‘सी’, ‘डी’ आणि मग ‘आय’, ‘झेड’सारखी स्वस्त अक्षरं. स्वस्त पट्टीतल्या मोजक्या जागा संपल्या की वरची पट्टी उघडते. खुर्ची तीच, जेवण तेच. फरक असतो तो मुख्यतः तारीख बदलण्याच्या आणि रद्द करण्याच्या अटींत.

यातून निघणारी एक युक्ती मी पहिल्यांदाच बघितली. पोरानं दोन प्रवासी टाकले तेव्हा एक भाव आला. प्रवासी एक केला, तर भाव उतरला. स्वस्त पट्टीत जागा एकच उरली असेल आणि तुम्ही दोन मागितल्या, तर बऱ्याच ठिकाणी यंत्रणा दोघांनाही वरच्या पट्टीत ढकलते. मग एक तिकीट खालच्या भावानं, दुसरं वरच्या, अशी दोन वेगळी काढायची आणि कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यायचे. म्हाताऱ्या जोडप्यासाठी हा फोन विसरायचा नाही.

गुरुजींनी एकदा असंही सुचवलं की काकूंना बिझनेस आणि आपल्याला साधी खुर्ची. काकू म्हणाल्या, “मी एकटी तिथं काय करू? ती बाई इंग्रजीत इचारंल, मी कुणाकडं बघू?” विषय संपला.

कराचा हिशेब लोक धरत नाहीत. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर तो १२ होता, २२ सप्टेंबर २०२५पासून १८ झाला. समजा कर लागणारं भाडं दोन लाख असेल, तर छत्तीस हजार नुसता कर. प्रीमियम इकॉनॉमीलाही हाच दर. म्हणून त्या मधल्या वर्गाची खुर्ची थोडीशीच मोठी असेल तर मला ती फसवी वाटते. तिथं पाय लांब होतात, पण पाठ आडवी होत नाही.

पैसे भरताना खरी गंमत झाली. गुरुजींच्या कार्डाची मर्यादा भाड्याला पुरेना. यूपीआयनं प्रवासासाठी एका वेळी पाच लाखांपर्यंत भरता येतात, सप्टेंबर २०२५पासून. पण बँकेची स्वतःची मर्यादा त्याच्या खाली असू शकते आणि गुरुजींची तशी होती. शेवटी नेट बँकिंग निघालं, तर ओटीपी यायचा मोबाइल घरी चार्जिंगला. नातवाला पळवलं. तोवर भाडं तसंच राहिलं, हे नशीब. कंपनीची भारतातली साइट उघडून रुपयांतच भरायचं, हे पोरानं बजावलं. डॉलरमध्ये भरलं की बहुतेक कार्डं साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा आकार लावतात आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी.

शेजारी पीकविम्यासाठी थांबलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, रोख चालत नाही का? दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला कायद्यानं बंदी आहे, एजंटलाही. आणि वर्षभरात परदेश प्रवासावर, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, दोन लाखांहून अधिक खर्च केला तर उत्पन्न सगळं शेतीचं असलं तरी आयकर विवरणपत्र भरावं लागतं. कर लागत नाही, पण विवरण लागतं. आई-वडिलांचं तिकीट काढणाऱ्या भावांनो, हे ध्यानात ठेवा.

कार्डाच्या पॉइंटांवर फुकटात बिझनेसने जाणाऱ्यांचे व्हिडिओ गुरुजींनीही बघितले होते. ते खोटं नाही. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, तिच्या महाराजा क्लबचे पॉइंट लुफ्थान्सासारख्या भागीदार कंपन्यांवरही वापरता येतात. काही बँकांच्या कार्डांचे पॉइंट विमान कंपन्यांकडे वळवता येतात. पण हा खेळ हैदराबाद-पुण्यात पगार घेणाऱ्याचा, ज्याचा महिन्याचा सगळा खर्च कार्डावर जातो. खत-बियाणं उधारीवर घेणाऱ्याचे पॉइंट कुठून साचणार? एफडीवर कार्ड मिळतं, पण त्यानं डल्लास गाठेपर्यंत बँक नियम बदलते. मुलाकडे पॉइंट असतील तर त्यानं द्यावेत, आपण गावात बसून साठवू नयेत. आणि दुसऱ्याचे पॉइंट विकत घेऊन तिकीट देणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि तिकीट ऐनवेळी रद्द होऊ शकतं.

गुरुजींचं ठरलं ते असं: जाताना दोघांना बिझनेस, येताना साधी खुर्ची, दोन्ही वेळा काकूंना व्हीलचेअर. व्हीलचेअर कुठल्याही वर्गात मागता येते, तिकीट काढतानाच नोंदवायची.

तुम्ही काढणार असाल तर आधी व्हिसा हातात घ्या. पासपोर्ट समोर ठेवूनच नाव टाका. आपल्याकडे नवऱ्याचं नाव मध्ये बसतं, आडनावाचा रकाना कधी रिकामाच असतो आणि गोंधळ तिथंच होतो. अमेरिकेचं तिकीट कंपनीकडूनच, उड्डाणाच्या निदान सात दिवस आधी काढलं, तर तिथल्या नियमानं कंपनीला २४ तासांत फुकट रद्द करण्याची किंवा पैसे न भरता भाडं राखून ठेवण्याची सोय द्यावी लागते. तेवढ्या वेळात नाव, तारीख आणि रद्द करण्याच्या अटी एकदा मुलाला मोठ्यानं वाचायला लावा.