खरजाची तार आणि शंभर हर्ट्झची कात्री

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात गाणं रेकॉर्ड करायला आता पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि दार लावून घेता येईल अशी खोली, एवढ्यावर गणपतीची गाणी, भजनं, लग्नाची गाणी तयार होतात. त्यासोबत ईक्यू, म्हणजे आवाजातला हवा तो पट्टा कमी-जास्त करायचं साधन, वापरायचे काही ठरीव नियमही घरोघरी पोचलेत. बरेचसे अर्धवट खरे आहेत, आणि म्हणूनच ते तपासून घ्यायला हवेत.

सगळ्यात जास्त पसरलेला नियम असा: किक आणि बेस सोडून प्रत्येक ट्रॅक 100 हर्ट्झखाली कापून टाका. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंसाठी तो बिनघोर पाळावा. त्यांचा षड्ज साधारण 208 हर्ट्झवर, मंद्र पंचम 156 वर. 100 च्या खाली त्यांचा आवाज नसतोच. तिथे असते पंख्याची घरघर, माइकच्या स्टँडला लागलेला पाय आणि विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. पण गायक काळी एकचा पुरुष असेल तर त्याचा षड्ज 139 वर, मंद्र पंचम 104 वर आणि तानपुऱ्याची खरजाची तार 69 वर बोलते. अष्टकाला 12 डेसिबल उतार असलेला नेहमीचा लो-कट 100 वर लावला की 69 हर्ट्झची पातळी 7 डेसिबलच्या आसपास खाली येते, आणि खालच्या पंचमावरही कात्री चालते. तेव्हा आकडा पाठ करू नका. फिल्टर तळापासून हळूहळू वर चढवा, काहीतरी हरवल्यासारखं वाटलं की थोडा मागे घ्या. पट्टी बदलली की जागाही बदलणार.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट टोकाचा. मोबाइलवर खर्ज ऐकू येत नाही, म्हणून 60-70 हर्ट्झ चांगला उचलायचा. मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढ्या खालचा स्वर जवळजवळ काढतच नाही. तुम्ही कितीही उचला, फोनवर फरक पडत नाही आणि मांडवातल्या मोठ्या बॉक्सवर मात्र सगळं घुमायला लागतं. खर्ज फोनवर पोचतो तो उपस्वरांच्या वाटेने. 69 च्या तारेतून 139, 208, 277, 346 असे उपस्वर निघतात, आणि मूळ स्वर गैरहजर असला तरी त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून आपला मेंदू खर्ज ओळखतो.

हे मिरजेच्या कारागिरांना हातांनी ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिथे तंतुवाद्यं घडतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. छेडलेली तार कंप पावताना तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि तारेखालचा बारीकसा दोरा केसभर पुढेमागे केला की उपस्वरांचा पिसारा उलगडतो किंवा मिटतो. ही जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात याच घोडीचा विचार आहे. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर एरवीच्या नियमानुसार उमटायला नको. तानपुऱ्यात तो खणखणीत उमटतो.

खरजाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा, मूळ स्वर पहिला धरला तर, पाचवा उपस्वर, म्हणजे आपल्या उदाहरणात 346 हर्ट्झचा. आता 200 ते 500 हर्ट्झमध्ये नुसता चिखल असतो, प्रत्येक ट्रॅकवर तो भाग खाली करा, हा सल्ला आठवा. पेटी, पखवाज आणि तीन-चार आवाज एकत्र आले की तिथे दाटी होते हे खरं. पण त्या दाटीत गंधारही आहे. आधी पेटी त्या भागात दोन-तीन डेसिबल उतरवून बघा, तानपुऱ्याला सरसकट हात लावू नका.

जवारी बंद असेल तर 5-6 हजार हर्ट्झ वाढवून ती उघडत नाही. ईक्यू फक्त जे रेकॉर्ड झालंय तेच वाढवू शकतो. तिथे उपस्वर नसतील तर माइकची खरखर वाढेल. संगणक बाजूला ठेवा आणि दोरा सरकवा. हलगीचंही तेच. छडीचा कडकडाट कानाला बोचत असेल तर 3 हजार हर्ट्झ कापण्याआधी माइक फूटभर मागे घ्या, थोडा तिरका करा.

खोलीबद्दलचा गैरसमज जास्त महाग पडतो. दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपास स्वर अडकून घुमतो, त्याच्या दुपटीलाही घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने हे दोन्ही दिशांनी एकाच जागी होतं. ऐकणारा म्हणतो, गाण्यात बेस जास्त झालाय, आणि कापतो. मग तेच गाणं दुसऱ्याच्या गाडीत लावलं की पोकळ वाटतं. भिंतीवर टांगलेल्या गोधड्या वरच्या स्वरांची वटवट कमी करतात, खालच्या घुमण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीला चिकटवूही नका, आणि खालच्या स्वरांचा निवाडा चांगल्या हेडफोनवर पडताळून घ्या.

प्रत्येक ट्रॅक एकटा लावून देखणा करायची सवय मला सगळ्यात घातक वाटते. भजनात टाळ एकटे ऐकले तर लखलखीत हवेसे वाटतात. सगळं एकत्र झालं की तेच टाळ 3 ते 5 हजार हर्ट्झमध्ये बुवांच्या शब्दांमधल्या स, त, क या व्यंजनांवर बसतात. अशा वेळी आवाज उचलत बसण्यापेक्षा टाळ तिथे 2-3 डेसिबल खाली घ्या, अभंगाचे शब्द आपोआप पुढे येतात. मात्र यावरून नुसतं कापायचं, वाढवायचं कधीच नाही, असा नियम काढू नका. नेहमीच्या ईक्यूत 3 डेसिबल वाढवणं आणि तेवढंच कमी करणं या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत.

ईक्यू म्हणजे आवाजाशी लबाडी, जुन्या तबकड्या शुद्ध होत्या, असंही कानावर येतं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्या आजही मन लावून ऐकल्या जातात. पण विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबावे लागत, नाहीतर खाचा रुंदावून शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना ते पुन्हा उचलायचे. 1954 मध्ये अमेरिकेत या चढउताराचा एक प्रमाणित आलेख ठरला आणि जगभर रुळला.

लिनिअर फेज ईक्यू नेहमीच सरस असतो, हेही खरं नाही. त्यात तबल्याच्या थापेआधीच तिची पुसट चाहूल ऐकू येऊ शकते, म्हणून तालवाद्यांवर साधा ईक्यू बरा.

शेवटचा गैरसमज आपल्या कानाचाच आहे. कुठलाही पट्टा वाढवला की एकूण आवाजही थोडा मोठा होतो, आणि मोठं ते आपल्याला चांगलं वाटतं. म्हणून ईक्यूच्या आउटपुटचं बटण तेवढंच खाली आणा, पातळी सारखी झाली की डोळे मिटून ईक्यू चालू-बंद करत ऐका. फरक सांगता आला नाही तर तो ईक्यू काढून टाका.