‘हे तुम्हाला कसं कळलं?’

प्रमाण म्हणजे काय, आपल्याला जे कळलं ते कशाच्या आधारावर कळलं, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न. आज तो ग्रंथातून बाहेर काढून आपण जरा अनोळखी जागी नेणार आहोत. मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेत. तिथे परीक्षक म्हणून बसणाऱ्याला हा प्रश्न दिवसभर पुरतो.

‘फर्स्ट लेगो लीग’ हे नाव तुमच्यापैकी ज्यांची नातवंडं शाळेत आहेत त्यांनी ऐकलं असेल. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९८ मध्ये लेगोबरोबर ही स्पर्धा सुरू झाली. आज ती भारतातही होते. एका संघात जास्तीत जास्त दहा मुलं. लेगोचा रोबोट टेबलावर अडीच मिनिटं धावतो, त्याच्याभोवती आरडाओरडा, टाळ्या, फोटो. पण एकूण मूल्यमापनाचे चार सारखे भाग असतात आणि टेबलावरची कामगिरी हा त्यातला एकच. दुसरा रोबोटच्या रचनेचा, तिसरा संघ म्हणून वागण्याचा आणि चौथा संशोधन प्रकल्पाचा. हा चौथा भाग बंद दाराआड होतो. आम्हाला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

दर वर्षी एक विषय दिला जातो. २०२४-२५ चा विषय समुद्राखालचं जग हा होता. समुद्राचा शोध घेणाऱ्यांची एखादी अडचण निवडा, तिचा अभ्यास करा, उपाय सुचवा, तो लोकांना दाखवा आणि सुधारा. मग परीक्षकांपुढे पाच मिनिटं सादरीकरण आणि साधारण तेवढीच प्रश्नोत्तरं. मोठी माणसं खोलीत असली तरी त्यांनी तोंड उघडायचं नाही.

आता खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत परीक्षकाला फारसं काही कळत नाही. मुलांनी पाठ केलेलं असतं. एकसारखे टी-शर्ट, मोठा फलक, ‘गुड मॉर्निंग जजेस’, मग एकेक वाक्य एकेकाच्या वाट्याला. गणेशोत्सवातल्या नाटकाचीच तालीम म्हणा ना! यात वाईट काही नाही, तालीम करणं हेही काम आहे. फक्त सफाई पाहून भाळू नये आणि अडखळणं पाहून गुण कापू नयेत. परीक्षण सुरू होतं ते पहिल्या प्रश्नापासून.

समजा, एका संघाने विषय घेतला आहे हरवलेल्या जाळ्यांचा. नायलॉनचं जाळं समुद्रात सुटलं की कुजत नाही. मासे त्यात अडकत राहतात, पाणबुड्ये अडकतात, पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्रांच्या केबली अडकतात. मुलं म्हणतात, आम्ही जाळी गोळा करणारं यंत्र करणार होतो. आपण विचारतो, “जाळी हरवतात हे तुम्हाला कसं कळलं?” एक मुलगा पटकन म्हणतो, “इंटरनेटवर वाचलं.” ठीक. मग मागची एक मुलगी, जिच्या वाट्याला पाठांतरातलं एकच वाक्य आलं होतं, ती म्हणते, “आम्ही बंदरावर एका कोळीकाकांना विचारलं. ते म्हणाले, जाळं महाग असतं, आम्ही कशाला टाकू? ते खडकाला अडकून तुटतं. कुठे तुटलं ते नंतर सापडत नाही.” आणि म्हणून त्यांनी यंत्र सोडून दिलं आणि तुटलेल्या जाळ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा केला.

इथे थांबा. संशोधन झालं ते इथे झालं. नैयायिक ज्याला शब्दप्रमाण म्हणतात ते म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायनांनी न्यायभाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू केलं आहे. म्हणजे जाळ्याच्या बाबतीत कोळीकाका आप्त आहेत, पदवी असो वा नसो. उलट इंटरनेटवरचं वाक्य कोणी लिहिलं हेच मुलांना सांगता येत नसेल, तर ते वाक्य खरं असूनही त्यांच्यापाशी प्रमाण नाही. आणि बघा, त्या काकांच्या उत्तराने मुलांचा पूर्वपक्षच मोडला. ‘लोक जाळी टाकून देतात’ हे त्यांनी धरून चाललेलं गृहीतक होतं. ते सोडायला दहा-बारा वर्षांच्या पोरांना किती बळ लागत असेल! पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही ते नेहमी दिसत नाही, हे जाता जाता सांगतो.

परीक्षकांपुढच्या रुब्रिकमध्ये याला जागा आहे: समस्या ओळखणं, आखणी, निर्मिती, सुधारणा आणि मांडणी. आमच्या मते यातलं चौथं सगळ्यात बोलकं. आधी काय होतं, कोणी काय सांगितलं, मग काय बदललं.

नेहमीची शंका: हे सगळं आईवडिलांनीच केलं असेल तर? शंका रास्त आहे, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. एखादी मुलगी वयाच्या मानाने फार छान बोलते म्हणून तिचे गुण कमी करणं हा सरळ अन्याय आहे. अशा वेळी विचारावं, “काय जमलं नाही?” ज्याने स्वतः हाताने केलं आहे त्याच्याकडे अपयशाचा साठा असतो. कुठला डिंक पाण्यात सुटला, कुठला गोळा बुडाला, कोण कोणावर रुसलं. हा तपशील कोणी पढवून ठेवत नाही.

प्रश्नाचा सूरही महत्त्वाचा. न्यायात चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडून काढणं ही वितंडा. काही मोठी माणसं मुलांपुढे वितंडा करतात आणि त्याला कठोर परीक्षण म्हणतात. तसंच, मूल इंग्रजी शब्द शोधत अडलं असेल आणि आपल्याला मराठी येत असेल, तर “मराठीत सांग की” म्हणावं. ज्ञान तपासायचं आहे, भाषा नव्हे.

शेवटी लिहिणं. रुब्रिकला चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची द्यायची तर ती का दिली हे परीक्षकाने लिहायचं असतं. हा नियम आम्हाला फार आवडतो, कारण त्यामुळे परीक्षकालाही आपलं प्रमाण द्यावं लागतं. हा कागद संघाकडे परत जातो. त्यावर नुसतं ‘छान’ लिहिलं तर मुलांच्या हाती काय पडणार? त्यापेक्षा लिहावं, ‘मच्छीमारांचं ऐकून तुम्ही उपाय बदललात, हे आम्हाला दिसलं. आता तो गोळा लाटांमध्ये दिसतो का, हे त्यांनाच दाखवून विचारा.’ दोनच वाक्यं. तेवढाच वेळ असतो, पुढचा संघ दाराबाहेर फलक सावरत उभा असतो.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.