आगं बया, पैसं भरून पळायचं?

टायमिंग चिप नाही, डीजे नाही, सेलिब्रिटी तर नावालाही नाही. आहेत ती मेंढरं, भरतीची पोरं आणि दारादारांत उभ्या राहिलेल्या आज्या! माणदेशातल्या एका छोट्या गावच्या मॅरेथॉनला आम्ही पुण्याहून सहा जण गेलो. मेडल मिळवायला गेलो होतो, येताना भलतंच काहीतरी घेऊन आलो.

२६ जानेवारी. सकाळचे सव्वासहा. थंडी अशी, की छातीवर नंबर लावायला सेफ्टी पिनही धरवत नाहीये. झेडपीच्या शाळेचं मैदान, फक्कीने मारलेली एक पांढरी रेघ आणि लिंबाच्या झाडाला बांधलेला कर्णा. त्यातून गेली वीस मिनिटं 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' एवढंच ऐकू येतंय. आणि मग अचानक घोषणा होते, 'पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी कृपया स्टेजजवळ यावं!'

स्टार्ट लाइनवर स्ट्रेचिंग करायचं सोडून आम्ही स्टेजवर. प्रत्येकाला टोपी, टॉवेल आणि नारळ. एक पाऊलही न पळता सत्कार! एवढ्या वर्षांत इतक्या शर्यती पळालो, पण रेस सुरू व्हायला दोन मिनिटं असताना हातात नारळ घेऊन उभं राहण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

पास्ता नाही, ठेचा!

आयडिया आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याची. त्याचे मामा त्या गावात शिक्षक. 'दरवर्षी मुंबई, दरवर्षी तेच. एकदा आमच्याकडे पळून बघा की,' असं तो कॅण्टीनमध्ये कित्येकदा म्हणायचा. आमच्या रनिंग ग्रुपमध्ये तो विषय निघाला आणि सहा जण तयार झालो. एक आयटीतला प्रोजेक्ट मॅनेजर, एक बँकेतली ऑफिसर, एक आर्किटेक्ट, एक डेण्टिस्ट, हा भाचा आणि मी.

सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण. तिथवर रस्त्याला उसाची सोबत असते. मोगराळे घाट चढून वर आलं, की चित्रच बदलतं. उघडं माळरान, मध्येच शाळूचा एखादा पट्टा, डाळिंबाची बाग आणि क्षितिजापर्यंत आभाळ. हा सातारा जिल्ह्यातला माण तालुका. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत संपलेला असतो. दुष्काळ इथे बातमी नसते, कॅलेण्डर असतं.

रात्री मामांच्या घरी पंगत. रेसच्या आदल्या रात्री आमचा प्रोजेक्ट मॅनेजर नेमाने पास्ता खातो. कार्ब लोडिंग! त्याच्या ताटात बाजरीची भाकरी, पिठलं आणि हिरव्यागार मिरचीचा ठेचा पडला. त्याने मामींना ग्लायकोजेनबद्दल काहीतरी सांगून पाहिलं. मामींनी शांतपणे आणखी एक भाकरी वाढली. विषय संपला.

मॅरेथॉन म्हणजे नक्की किती?

शहरात आपण या बाबतीत फार काटेकोर. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हे अंतर पळवलं गेलं आणि १९२१मध्ये तेच अधिकृत झालं. त्याच्या निम्मं ते हाफ आणि दहा किलोमीटरला 'मॅरेथॉन' म्हणणाऱ्याकडे आपण जरा दयेनेच बघतो.

इथे मात्र जे पळायचं ते मॅरेथॉन! शिवजयंतीची मॅरेथॉन तीन किलोमीटरची, यात्रेतली पाचाची, ही २६ जानेवारीची दहाची. मुलींसाठी पूर्वी पाच किलोमीटर होते. मुलींनीच हट्ट धरून दहा करून घेतले. अंतर मोजलंय मोटारसायकलच्या मीटरवर. शेवटी आमच्या सगळ्यांच्या घड्याळांनी १०.६ दाखवले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सौम्य शब्दांत तक्रार केली. मामांचं उत्तर, 'अहो, वळसा वडाला मारायचा ठरलाय. वड काय अलीकडं आणायचा?'

शिट्टी वाजली आणि...

सरपंचांनी नारळ फोडला, पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली आणि पहिल्या दहा सेकंदांत आमच्या लक्षात आलं, की आपण इथे पाहुणेच आहोत. साठ-सत्तर पोरं बाणासारखी सुटली. काहींच्या पायांत स्पाइक्स, काहींच्या साधे कॅनव्हासचे बूट आणि बरीचशी अनवाणी. त्यांच्या चपला शाळेच्या कुंपणाला ओळीने अडकवलेल्या. आमच्या सहा जणांच्या बुटांची किंमत एकत्र केली असती, तर गावाला एक सेकण्डहॅण्ड मोटारसायकल आली असती.

ही 'भरतीची पोरं'. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं आणि मुलींना ८०० मीटर. तिथे एकेका सेकंदावर मार्क ठरतात आणि मार्कांवर नोकरी. म्हणून पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर ही पोरं पळत असतात. फिटनेस, डिटॉक्स, 'मी टाइम' असले शब्द इथे कुणी उच्चारत नाही. आपण ऑफिसातून सुटका म्हणून पळतो, ती ऑफिसात शिरायला मिळावं म्हणून पळतात.

दुसऱ्या किलोमीटरला वस्ती लागली. दारात गोधडी पांघरून बसलेल्या एका आजींनी डेण्टिस्टबाईंना थांबवलंच.

'का पळताय गं? पैसं मिळत्यात व्हय?'

'नाही आजी. आम्हीच शंभर रुपये भरलेत.'

'आगं बया! पैसं भरून पळायचं?'

यावर डेण्टिस्टबाई एवढ्या हसल्या, की पुढचा अर्धा किलोमीटर त्यांना चालतच जावं लागलं.

पाणी देणाऱ्या बायका बचत गटाच्या. प्लॅस्टिकची बाटली कुठेच नाही, स्टीलचे पेले. पाणी प्यायचं, पेला परत करायचा आणि मग पळायचं. सोबत गूळ-शेंगदाणे. आर्किटेक्टने सवयीने पेला रस्त्याकडेला टाकला, तर एक चिमुरडी तो उचलून म्हणाली, 'काका, हा आमच्या घरचा हाय!' काकांनी मागे येऊन सॉरी म्हटलं.

सहाव्या किलोमीटरला मेंढरं. दीड-दोनशे मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या आणि त्यांना रेसचं काहीच सोयरसुतक नव्हतं. मॅनेजरने घड्याळ थांबवलं, हात कमरेवर ठेवले आणि वाट बघितली. दीड मिनिट! त्याचं पर्सनल बेस्ट त्या धुळीत गेलं. 'पण खरं सांगू?' तो नंतर म्हणाला, 'गेल्या तीन वर्षांत पळताना मी पहिल्यांदाच इकडेतिकडे बघितलं.'

पळणं इथलंच आहे

आपल्याला वाटतं, रनिंगची लाट शहरांनी आणली. पुणे इण्टरनॅशनल मॅरेथॉन १९८३पासूनची, मुंबईची २००४पासूनची, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२पासूनची. तिथून रनिंग ग्रुप आले, कोच आले, ट्रेनिंग प्लॅन आले. पण अव्वल पळणारे कुठून आले, ते बघा.

ललिता बाबर याच माण तालुक्यातल्या मोही गावची. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल पळाली आणि दहावी आली. १९८४मध्ये पी. टी. उषा पळाली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये पोचलेली ही पहिली भारतीय महिला. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, म्हणून ती 'सावरपाडा एक्स्प्रेस'. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. २०२०मध्ये दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत संपवली. आपल्यापैकी बऱ्याच जणांची तेवढ्या वेळात दहाचीच रेस होते!

आणि बारामतीच्या लता करे? २०१४मध्ये साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, एवढंच कारण. पुढे २०२०मध्ये त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा सिनेमा आला आणि त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. आपण ही गोष्ट 'इन्स्पिरेशनल' म्हणून फॉरवर्ड करतो. त्या बाईंच्या दृष्टीने ते बक्षीस म्हणजे औषधपाण्याचा खर्च होता.

हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या दिवशी दहा वाजता शाळेच्या मैदानावर जे झालं ते वेगळं.

तिसरा नंबर

मुलांमधला पहिला ३५ मिनिटांच्या आत आला होता. आम्ही निम्म्या वाटेवर असतानाच तो परतीला लागलेला दिसला. आमचा बक्षिसाशी संबंध येईल, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण मुलींमध्ये पळणाऱ्या जेमतेम पंधरा-सोळा जणी. पहिल्या दोघी खूप पुढे गेल्या. आणि तिसरी आली आमची बँकवाली!

आम्ही शिट्ट्या मारल्या, फोटो काढले. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली गेली, बक्षिसं पुकारली गेली. तिसरं बक्षीस रोख दोन हजार रुपये. पाकीट घेऊन ती खाली उतरली आणि समोर चौथी आलेली मुलगी उभी. वय एकोणीस. शर्यतीत अर्ध्या मिनिटाने मागे पडलेली.

'ताई, तुम्ही नोकरी करता?'

'हो, बँकेत.'

'मग तुम्हाला कशाला पाहिजे होतं बक्षीस?'

प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. ती भरतीची तयारी करत होती. आई दुसऱ्यांच्या रानात कामाला. दोन हजारांत नवे बूट आले असते, एवढं तिने मागाहून सांगितलं, तेही आम्ही विचारलं म्हणून.

आमच्या बँकवालीने जे कुणीही केलं असतं तेच केलं. पाकीट पुढे केलं. मुलीने हात मागे घेतला. शेजारी तिचे कोच उभे होते, लष्करातून रिटायर झालेले. ते म्हणाले, 'नाही बाई. पळून मिळवलंय ते तुमचंच. हरलेलं बक्षीस घरी न्यायची सवय लागली, की पोरगी भरतीत पण वाट बघत बसंल कुणीतरी देण्याची.'

दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग मुलीनेच विचारलं, 'सातव्या किलोमीटरला तुम्ही मला मागं टाकलंत, तेव्हा घड्याळात काय बघत होता?'

आणि मग त्या दोघी शाळेच्या पायरीवर बसल्या. पेस म्हणजे काय, पहिले दोन किलोमीटर जीव तोडून पळालं की शेवटी पाय का जड होतात, सगळ्या किलोमीटरना सारखाच वेळ कसा द्यायचा... वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकडेमोड झाली. मुलीने ते पान घडी करून ठेवलं. नंबर घेतले गेले. आम्ही पाच जण जिलेबीचं दुसरं पुडकं संपवत लांबून बघत होतो.

परतीच्या प्रवासात गाडीत वाद झाला. मॅनेजरचं म्हणणं, 'रेस ती रेस, त्यात गिल्टी काय वाटायचं?' डेण्टिस्ट म्हणाल्या, 'बक्षिसाची रेस आपल्यासाठी नव्हतीच, हौसेसाठी पळायचं तर हौशी गटात पळावं.' दोघांचंही पटत होतं. ते पाकीट मात्र डॅशबोर्डवर तसंच पडून होतं. शेवटी त्या पैशांत दोन स्टॉपवॉच घेतली आणि मामांमार्फत शाळेला पाठवली. ते तरी बरोबर केलं का, यावर आमचं अजून एकमत नाही.

त्या मुलीचा मेसेज मात्र दर रविवारी येतो. फक्त एक आकडा, ८०० मीटरची वेळ. जानेवारीपासून सात सेकंद कमी झालेत. मध्यंतरी आमच्या बँकवालीने तिला कळवलं, की पुढच्या वर्षी आम्ही येऊ, पण मी नंबर लावणार नाही, नुसतीच पळेन.

त्या दिवशी रविवार नसतानाही उत्तर आलं.

'नंबर लावूनच पळा ताई. नाहीतर मी तुम्हाला हरवलं हे कळणार कसं?'

बँकवालीने सध्या पहाटे पाचचा अलार्म लावलाय. तोही स्नूझ न करता!

चौकट : तुम्हालाही जायचंय?

• अशा शर्यतींची जाहिरात नसते. ऑफिसातल्या गावाकडच्या मित्रांना विचारा. २६ जानेवारी, शिवजयंती आणि यात्रांचे दिवस हा सीझन.

• आधी अंतर विचारा. 'मॅरेथॉन' म्हणजे तीन किलोमीटरही असू शकतात!

• आदल्या रात्रीच पोचा. घाटातून पहाटे गाडी हाणत जाऊन लगेच पळणं धोक्याचं.

• टॉयलेट आणि कपडे बदलण्याची सोय आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी शाळा उघडून देतात.

• साधा औषधांचा डबा सोबत ठेवा. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे, ते माहीत असू द्या. इमर्जन्सीला १०८.

• हेडफोन घरी ठेवा. रस्ता बंद केलेला नसतो. एसटी, ट्रॅक्टर आणि मेंढरं, सगळ्यांचा हक्क तुमच्याइतकाच. शिवाय आजी काय म्हणतात, ते ऐकू यायला हवं!